भैरवीनंतरची यादी

आश्विन लागला की धारगळला दुपारी तीननंतर पूर्वेचं आभाळ काळं व्हायला लागतं. सकाळी कडक ऊन असतं. अंगणात, गोठ्यापुढे, रस्त्याकडेच्या सिमेंटवर नवीन भात वाळत पडलेलं असतं आणि सगळ्या गावाला ओल्या गवताचा आंबूस वास येत असतो. मग दोडामार्गच्या डोंगरांमागून ढग वर सरकतात, वारा पडतो, कोंबड्या वेळेआधीच आत शिरतात. पहिली वीज चमकते तेव्हा ऊन अजून पुरतं गेलेलंही नसतं.

हा पाऊस मला कधीच आवडला नाही. जूनचा पाऊस सांगून येतो. त्याच्यासाठी मे महिन्यात यादी करता येते : कौलं, लाकडं, कोकमाची सोलं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, छत्र्यांच्या काड्या. आश्विनातल्या पावसाची यादी होत नाही. तो विजेसकट येतो, तासभर धिंगाणा घालतो आणि निघून जातो. नेमकं काय भिजलं ते सकाळी कळतं.

मी याद्या करणारी बाई आहे. डिचोलीच्या एका शाळेच्या कार्यालयात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि जुन्या हजेरीपटांची कोरी पानं कापून केलेली माझी वही घरी-दारी माझ्याबरोबर असते. डावीकडे वेळ, मध्ये काम, उजवीकडे खुणेला जागा. माझा नवरा दिलीप म्हणतो, "तू चितेवरूनसुद्धा उठशील आणि लाकडं बरोबर आलीत का ते बघशील." म्हणू दे. त्याच्या मोज्यांची जोडी जुळते ती माझ्यामुळे.

गेल्या सोमवारी मी एक नवीन यादी सुरू केली. वर लिहिलं : पणजी, दोन दिवस, गाणं आणि जेवण. हे शीर्षक मी याआधी एकदाच लिहिलं होतं, चार वर्षांपूर्वी, याच दिवसांत. दिलीपने पाठीमागून वाचलं.

"कुणाला न्यायचं आहे?"

"कुणाला नाही. आपण दोघंच."

त्याला ती पहिली यादी आठवत असणार. तेव्हा गाडी तोच चालवत होता.

*

माझे बाबा धारगळला राहतात, माझ्या भावाच्या आणि वहिनीच्या घरी. पेडण्याच्या शाळेत मास्तर होते, आणि देवळातल्या सोमवारच्या भजनाला चाळीस वर्षं पेटी त्यांची. कार्तिकात काल्याचं नाटक घेऊन दशावतारी आले आणि त्यांचा पेटीवाला आजारी पडला, तर तिथेही बाबाच बसत. शिकवणं आणि वाजवणं त्यांना वेगळं वाटत नसे. विजासुद्धा त्यांनी आम्हाला मोजायला शिकवल्या. दारातल्या दगडी सोप्यावर आम्हा भावंडांना दोन्ही बाजूंना घेऊन बसायचे. उजेड दिसला की मोजायला लागायचं, ढग वाजला की थांबायचं, आणि आकड्याला तीनाने भागायचं. तेवढ्या किलोमीटरांवर वीज पडली.

"नऊ! म्हणजे तीन. म्हणजे कोलवाळच्या पुलार पडली," बाबा सांगायचे, जणू पडताना बघूनच आले आहेत.

भीती मोजली की लहान होते, हे मी त्या सोप्यावर शिकले. माझ्या सगळ्या याद्यांचं मूळ तिथे असावं.

त्यांचा डावा कान कधी गेला ते आम्हाला कळलं नाही. त्यांनाही कळलं नाही. एका सोमवारी भजन ऐन रंगात असताना त्यांनी पेटीचा भाता थांबवला आणि डावीकडे वळून विचारलं, "बाबू, पखवाज कित्याक थांबयलंस रे?" बाबूचे दोन्ही हात पखवाजावर चाललेले होते. आधी सगळे हसले. मग बाबूने वाजवणं थांबवलं, आणि देवळात नको तेवढी शांतता झाली.

म्हापशाच्या डॉक्टरांनी हेडफोन लावून, कागदावर रेघा काढून निदान केलं. डावा गेलेला आहे. उजवाही त्याच वाटेने चाललेला आहे. मी वही उघडून विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "वर्ष म्हणा, महिना म्हणा. कधी कधी हळूहळू जातो, कधी एका रात्रीत." मग त्यांनी घरात आणखी कुणाला होतं का, असं विचारलं. बाबा म्हणाले, "आमचो बापूस. आमी बघलो तेव्हापासून भायरोच." म्हणजे माझे आजोबा, ठार बहिरे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही एकदा तपासून घ्या." मी लिहून घेतलं.

शुक्रवार होता. बाजार भरला होता. केळी, चवळी, माडाच्या हिरांच्या केरसुण्या, मिरच्यांचे ढीग आणि हजार माणसांचा गोंगाट. बाबा बाजाराच्या तोंडाशी थांबले आणि उजवा कान पुढे करून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली.

"काय झालं?"

"आयकतंय," ते म्हणाले. मग चालायला लागले. "मगे सुलू, आता काय काय आयकूचा रवला तां एकदा बघूक व्हया."

*

बघायचं म्हणजे यादी. मी त्याच संध्याकाळी बसले.

त्यांनी आयुष्यभर गाणं ऐकलं ते देवळात, मांडवात, शेजाऱ्याच्या पडवीत. शहरात जाऊन, खुर्चीत बसून, गाणं हेच काम म्हणून ऐकलेलं नव्हतं. मोहनचीही मैफल नाही. हा मोहन पेडण्याचाच. सात सूर बाबांच्या पेटीवर शिकला, पुढे मोठ्या गुरूंकडे गेला, आता पणजीला गायला बसतो तर सभागृह भरतं. दर दिवाळीला येऊन पाया पडतो आणि म्हणतो, "मास्तर, एकदा येवा." मास्तर म्हणतात, "येतलंय रे." अशी वीस वर्षं गेली.

तर शनिवारी संध्याकाळी मोहन. रविवारी दुपारी नदीकाठच्या एका खानावळीत मांडे, म्हणजे जुनी कोकणी प्रेमगीतं, गाणारी म्हातारी आणि तिचा गिटारवाला नवरा. रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल मंडपात पितळी वाद्यांचा बँड. चर्चच्या फेस्ताला तो लांबून ऐकू यायचा आणि बाबा पेटीवर त्याचे सूर शोधत बसायचे, तो जवळून. राहायला माळ्यावर एक खोली, खाली पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, गल्ली, त्यामुळे सकाळी ताजे उंडे पाव. सोमवार टाळला, कारण सोमवारी बाबा शिवराक, आणि पणजीला जाऊन भाजीभात खायचा तर धारगळ काय वाईट आहे. म्हापशाला थांबून पातळभाजी आणि बन्स. दुपारी माशाचं हुमण, तळलेली सुंगटं, सोलकढी. रात्रीच्या जेवणाला एका छोट्या खानावळीत आठ वाजताचं टेबल, तिसऱ्यांचं सुकं आणि चणक मासा. मालकाने फोनवर बजावलं होतं, "शनिवार आहे बाई, पाच मिनिटं उशीर झाला तर टेबल गेलं."

नेहमीच्या तीन रकान्यांत मी एक रकाना वाढवला : कान. प्रत्येक ठिकाणी बाबांना कुठे बसवायचं ते त्यात. सभागृहात डाव्या भिंतीकडे, म्हणजे उजवा कान गाणाऱ्याकडे येतो. खानावळीत भिंतीला डावा खांदा टेकवून. गाडीत मागे डावीकडे, म्हणजे माझं बोलणं त्यांच्या उजव्या कानात पडेल. आजही तो कागद काढला की मला माझाच अभिमान वाटतो, आणि लगेच वाटेनासा होतो.

वहिनीने यादी वाचली आणि बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन ओरडली, "मामांनू, खाल्लास तरी खूण, आयकल्यास तरी खूण! वन्सांनी तुमचा दहावीचा वेळापत्रक केल्यान हां!"

"नापास झालंय तर?" बाबांनी विचारलं.

आम्ही सगळे हसलो. पूर्वेला ढग भरून आले होते. वहिनी भात झाकायला पळाली.

*

मैफल साडेपाचला सुरू झाली. डावीकडची तिसरी रांग, भिंतीलगतची खुर्ची, सगळं लिहिल्याप्रमाणे. मोहनने बसल्या बसल्या बाबांना शोधून काढलं आणि कानाची पाळी धरून मान लववली. बाबांनी हात वर केला. मग दीड तास मी गाणं ऐकलं असं म्हणता येणार नाही. मी बाबांना बघत होते. त्यांचा चेहरा उजवीकडे वळलेला, डोळे मिटलेले, मांडीवरची बोटं पट्ट्यांवरून चालल्यासारखी हलणारी. एका जागी ती बोटं अडली, परत मागे गेली, आणि ते स्वतःशीच हसले. मोहनने काहीतरी न शिकवलेलं केलं असणार. मला गाण्यातलं तेवढं कळत नाही. पण माणूस तहान लागल्यासारखा ऐकतो म्हणजे काय, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं.

सात वाजले. मध्यांतर नव्हतं. बाहेर गडगडायला लागलं होतं, पाऊस आला तर पार्किंगपर्यंत बाबा भिजणार होते, आणि साडेसातला उठल्याशिवाय आठचं टेबल मिळणार नव्हतं. एकच अडचण : मोहनची भैरवी ऐकल्याशिवाय बाबा उठणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यासाठीच तर आलो होतो. भैरवी शेवटी. शेवट साडेआठला.

मी वही काढली. अर्धं पान फाडलं. लिहिलं : "मोहन, आम्हाला साडेसातला निघायला हवं. बाबांसाठी भैरवी आत्ताच घेशील का? सुलूताई." पान पुढच्या रांगेतून पुढे गेलं, आणि तबलेवाल्याने ते मोहनच्या पुढ्यात ठेवलं.

खरं सांगते, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. यादीतली खालची ओळ वर घेतली, एवढंच. शाळेत मी हे रोज करते.

मोहनने चिठी वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग त्याने बाबांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा मला मुळीच आवडला नाही. हातातला राग त्याने नीट संपवलाही नाही. तानपुऱ्यावर षड्ज लावला आणि भैरवी सुरू केली.

सभागृहात कुजबूज झाली. लोकांनी घड्याळं पाहिली. माझ्या मागच्या बाई म्हणाल्या, "एवढ्यात? बरं नाही वाटतं त्याला." बाबांनी डोळे उघडले. पहिल्या दोन ओळींत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी उठून गेलं आहे का, काही झालं आहे का, असं. मग परत डोळे मिटले. त्यांची बोटं मात्र मांडीवर पुन्हा हलली नाहीत. मूठ मिटलेली होती.

भैरवी झाल्यावर मला वाटलं होतं, आम्ही उठू आणि मोहन पुढे गात राहील. मास्तरांची मुलगी मी. भजन संपताना हजार वेळा भैरवी ऐकलेली. तिच्यानंतर काही गात नाहीत हे मला पाळण्यापासून ठाऊक आहे. तरी त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण माझ्या डोक्यात पाऊस, टेबल आणि चणक होता. मोहनने हात जोडले. तबलेवाल्याने हातोडी पिशवीत टाकली. तानपुऱ्यांवर गवसण्या चढल्या. तीनशे माणसं एक तास आधी उठून दाराकडे निघाली, माझ्या अर्ध्या पानामुळे.

मोहन धावत खाली आला. "ताय, मास्तरांचा काय झाला? बरे असत मां? चिठी वाचली आणि दुसरा काय सुचलाच नाय."

"काही झालं नाही रे," मी म्हटलं. "आमचं आठला जेवण आहे."

बाबांनी मोहनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरो गायलंस. आता घरा जा." सगळं त्यांनी ऐकलं होतं. माझं वाक्यसुद्धा.

तिसऱ्या उत्तम होत्या. चणकही. बाबांनी काटे नीट काढून ताटाच्या कडेला रांगेत लावले आणि मग म्हणाले, "भैरवी मागूची नसता गो. ती येता तेव्हा येता."

"चुकलं माझं. पण ऐकायला मिळाली ना?"

"मिळाली," ते म्हणाले. "पण उद्याक तुज्या यादीत अजून दोन असत. भैरवी झाल्यार कोण गाता?"

बाहेर पाऊस कोसळत होता. मी खुणेच्या रकान्यात भैरवीपुढे खूण केली आणि वही मिटली.

*

सकाळी मला पोदेराच्या भोंग्याने जाग आली. पोंप पोंप, गल्लीच्या टोकापासून, मग अगदी जनेलाखाली. मी सुट्टे पैसे आणि पिशवी घेऊन उठले. बाबा आधीच जनेलापाशी उभे होते, दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर, खाली बघत. खाली सायकल थांबली होती. टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला करून पोदेर उंडे काढून देत होता आणि मधूनमधून भोंग्याचा रबरी गोळा दाबत होता. पोंप पोंप.

बाबा माझ्याकडे न वळता म्हणाले, "ह्येचो भोंगो मोडलो काय गो? केव्हाचो दाबता, वाजना नाय."

मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. पोदेराने पुन्हा भोंगा दाबला. मी ऐकला. मी म्हटलं, "बाबा." मग मोठ्याने म्हटलं. मग इतक्या मोठ्याने की पोदेराने वर पाहिलं, आणि पोदेर वर का बघतो आहे ते पाहायला बाबा माझ्याकडे वळले.

माझे ओठ त्यांना दिसले. त्यांनी उजवा तळहात कानावर ठेवला, काढला, परत ठेवला. बंद पडलेलं घड्याळ कानाला लावून पाहावं तसं. मग जनेलाशेजारच्या खुर्चीवर बसले.

"उंडे घेतलंस?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

नऊ वाजता आम्ही मोठ्या इस्पितळात होतो. रविवार असूनही कानाच्या डॉक्टरांना बोलावलं गेलं, इंजेक्शन झालं, गोळ्या लिहिल्या गेल्या. पुढचे पंधरा दिवस जे करायचं ते सगळं केलं. त्याची यादी माझ्याकडे आहे, तिच्यात एकही ओळ बिनखुणेची नाही. काही उपयोग झाला नाही. शेवटच्या भेटीत मी कागदावर लिहून नेलेले प्रश्न विचारले, आणि सगळ्यात खाली मी लिहिलं होतं : भैरवी? डॉक्टरांनी वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. मग समजुतीने म्हणाले की असल्या गोष्टींचा संबंध नसतो, तो कान त्या रात्री जायचा तो कुठेही असता तरी गेला असता. मला हे कळतं. मी अंधश्रद्ध बाई नाही. तो प्रश्न मी का लिहून नेला, ते मात्र मला आजवर सांगता आलेलं नाही.

पण त्या रविवारी इस्पितळातून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी मांड्यांच्या ओळीवर रेघ मारली आणि दिलीपला म्हटलं, "सरळ धारगळला घे." बाबांनी माझ्या हातातली वही मागितली. चष्मा चढवून बोटाने खाली येत गेले आणि थांबले. बँड.

"यादीत असा मां?" ते म्हणाले. "मगे जाऊया."

आम्ही गेलो. बागेत पोरं पळत होती, फुगेवाले होते, मंडपात पांढरे गणवेश आणि सोनेरी वाद्यं. कानाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, "मंडपाच्या डावीकडचा बाक." आम्ही तिथेच बसलो. बाबा ट्रंपेटवाल्याचे फुगणारे गाल बघत होते, ढोलाची हलणारी कातडी बघत होते, टाळ्या पडल्या की एका क्षणाने उशिरा टाळ्या वाजवत होते. दिलीपने शेंगदाणे आणले. बाबांनी एकेक सोलून खाल्ला. बँड चालू असताना मी रडू शकले असते, त्यांना कळलं नसतं. पण त्यांची नजर वळली तर कळलं असतं, म्हणून मी मंडपाचे खांब मोजत बसले. आठ.

परतताना म्हापसा सोडलं आणि पूर्वेकडून आभाळ पेटायला लागलं. कोलवाळच्या पुलावर होतो, तेव्हा नदीपलीकडे एवढी मोठी वीज चमकली की पाण्यातली होडी दिसली. बाबांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. चारला ढग असा फुटला की गाडीची काच थरथरली. दिलीपने नकळत ब्रेक दाबला.

"पाच," बाबा म्हणाले. "सहा. सात."

मी त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं मला भीती वाटते आहे. त्यांनी तो थोपटला, लहानपणी थोपटायचे तसा, आणि मोजत राहिले. बारा. तेरा. पूल संपला. एकवीस. बावीस. वीज लांब पडली आहे, भिण्यासारखं काही नाही, असं त्यांचा हात मला सांगत होता. धारगळच्या वळणाला गाडी आत शिरली तेव्हा एकशे चाळीस झाले होते. मग ते थांबले. पुढे बघत राहिले. तीनाने भागलं नाही.

*

या गोष्टीला चार आश्विन झाले. बाबा आता एकूण बरे आहेत. पेटी वाजवतात, बोटांना सगळं पाठ आहे. सोमवारी देवळात जाऊन बसतात आणि बाबूच्या खांद्याकडे बघून ठेका धरतात. भैरवी मात्र ते वाजवत नाहीत. शेवट आला की पेटी बाजूला सरकवतात आणि बाकीच्यांना म्हणू देतात. मोहन अजून दिवाळीला येतो. आम्ही दोघं त्या संध्याकाळबद्दल बोलत नाही.

विजांचं आम्ही एक ठरवलं आहे. मी धारगळला असले आणि आभाळ भरलं, तर आम्ही सोप्यावर बसतो. त्यांचा तळहात माझ्या हातात असतो. उजेड दिसला की ते ओठांनी मोजतात, आणि ढग वाजला की मी त्यांच्या तळहातावर बोट टेकवते. ते थांबतात, भागाकार करतात, आणि जागा सांगतात. "पेडणा." "इब्रामपूर." "खूप लांब, दोडामार्गाच्या पलीकडे." त्यांचे ढग माझ्या बोटातून येतात.

गेल्या रविवारी असेच बसलो होतो. अंगणात भात होतं. मोप्याच्या विमानतळाकडे जाणारं एक विमान ढगांखालून सरकत गेलं, आणि एवढं खालून जाऊनही आवाज कसा नाही, असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं. मग डोंगरांवर वीज चमकली. लांबची, आवाज न करता उजळून विझणारी. बाबांचे ओठ हलायला लागले. मी बोट तयार ठेवून कान देऊन बसले. झाडांवर वारा नव्हता. सगळं गप्प होतं.

बाबांचे ओठ थांबले. त्यांची पाठ दगडी भिंतीला टेकलेली होती. त्यांनी भिंतीवर हात पसरून ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं.

"वाजलो," ते म्हणाले.

मी मान हलवली. नाही. अजून नाही.

"वाजता हा," ते म्हणाले. "भिंतीक कळता."

मी हसले. म्हाताऱ्या माणसाला काहीही भास होतो, असं मनात म्हटलं. तेवढ्यात वहिनी ताडपत्री ओढत मागच्या दारातून पळत आली. "अगो वन्सांनू, उठा! कवापासून गुरगुरता हा, भात भिजात मगे! का बापूस नि चेडू, दोघांय भायरी झालास?"

ती हसत हसत बोलली. बोलून झाल्यावर ती थांबली. ताडपत्री तिच्या हातात तशीच राहिली. तिने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबांनी तिचं बोलणं ऐकलं नव्हतं, पण चेहरे त्यांना वाचता येतात. चार वर्षं तेच वाचत आले आहेत. त्यांनी वहिनीचा चेहरा वाचला. मग माझा.

चार वर्षांपूर्वीच्या वहीत, म्हापशाच्या डॉक्टरांच्या पानावर, खाली एक ओळ आहे : स्वतःचे कान तपासून घेणे. माझ्या सगळ्या वह्यांत मिळून खूण किंवा रेघ नसलेली तेवढी एकच ओळ सापडेल. वेळ नव्हता असं नाही.

आता ती ओळ मी नव्या यादीत सगळ्यात वर घेतली आहे. डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. त्यानंतर पणजी. मोहनचा कार्यक्रम आहे, डावीकडे की उजवीकडे बसायचं ते अजून लिहिलेलं नाही. त्या ओळीपुढे जेवणाचा रकाना मी कोरा सोडला आहे.

पण रविवारी त्यातलं काही सुचलं नाही. आम्ही तिघांनी मिळून भात झाकलं आणि बाबा परत सोप्यावर येऊन बसले. त्यांनी मला शेजारी ओढलं. या वेळी माझा तळहात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि दुसरा हात मागे भिंतीवर पसरून ठेवला.

डोंगरांवर वीज चमकली. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. चौदाव्या आकड्याला बाबांनी माझ्या तळहातावर बोट टेकवलं.